निवडणुकीचा अंदाज कसा बांधावा, कसा लिहावा आणि निकालानंतर कसा तपासावा

निवडणूक कोणतीही असो, अंदाज बांधणाऱ्यांची चूक त्याच क्रमाने होते. आधी आकडा ठरतो, मग त्याला आधार शोधले जातात, आणि निकाल वेगळा लागला की तो आकडा कोणी, कधी आणि नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितला होता याची नोंद कोणाकडेच नसते. त्यामुळे चूक कुठे झाली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तीच माणसे तितक्याच ठामपणे बोलू लागतात. २०२४ या एकाच वर्षात हे तीनदा दिसले. जूनमध्ये बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले आणि प्रत्यक्षात २९३ जागा आल्या. ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेसचे सरकार जवळपास सर्वांनी ठरवून टाकले होते आणि ९० पैकी ४८ जागा भाजपला मिळाल्या. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात महायुतीची सरशी अनेकांना दिसत होती, पण तिच्या तीन मुख्य पक्षांच्या मिळून २३० जागा येतील असे म्हणणारे विरळाच होते.

पुढील टप्पे पुण्यातील पक्षकार्यकर्ते, स्थानिक वार्ताहर, आणि सोसायटीत किंवा कार्यालयात ज्यांच्या अंदाजाकडे चार माणसे लक्ष देतात अशा सर्वांसाठी आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये. आकडा पाचव्या टप्प्यावर येतो, त्याआधी नाही.

## पूर्वतयारी

तीन गोष्टी हाताशी असाव्यात. पहिली म्हणजे आपल्या मतदारसंघाचे मागील दोन-तीन निवडणुकांचे ‘नमुना २०’. प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली याचा हा अधिकृत तक्ता असून तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दुसरी म्हणजे मतदान केंद्रांची आजची यादी, कारण केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी दोन निवडणुकांच्या दरम्यान बदलतात आणि जुन्या ८७ क्रमांकाच्या केंद्राची तुलना नव्या ८७ क्रमांकाच्या केंद्राशी केली की सगळेच गणित चुकते. तिसरी म्हणजे एक वही आणि तिच्यातील नोंदींचा साक्षीदार म्हणून, शक्यतो वेगळ्या पक्षाकडे कल असलेला, एक परिचित.

वहीच्या पहिल्या पानावर, इतर काहीही लिहिण्यापूर्वी, कोण निवडून यावे असे आपल्याला मनापासून वाटते ते स्पष्ट लिहावे. ही इच्छा लिहून काढली नाही, तर ती पुढे पुराव्याच्या रूपाने परत येते आणि ओळखू येत नाही.

## टप्पा १: प्रश्न नेमका करावा

‘पुण्यात कोण येणार?’ हा प्रश्न अंदाज बांधण्याच्या लायकीचा नाही. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कँटोन्मेंट आणि कसबा पेठ ही सहा विधानसभा क्षेत्रे येतात. हडपसर शिरूर मतदारसंघात आहे आणि खडकवासला बारामतीत. त्यामुळे मगरपट्ट्यात किंवा धायरीत ऐकलेली चर्चा पुण्याच्या खासदाराविषयीच्या अंदाजात घालणे म्हणजे दुसऱ्याच मतदारसंघातील मतदारांचे मत मोजणे आहे. पिंपरी-चिंचवडकडे हा गोंधळ आणखी वाढतो, कारण पिंपरी आणि चिंचवड मावळात आहेत, तर भोसरी शिरूरमध्ये.

प्रश्नात मतदारसंघ, उमेदवार किंवा आघाडी, आणि काय मोजायचे आहे (विजय, मतांची टक्केवारी, मताधिक्य की जागा) हे सर्व यावे. ‘चांगली कामगिरी करील’, ‘टक्कर देईल’, ‘फटका बसेल’ असे शब्द टाळावेत, कारण निकाल काहीही लागला तरी ते खरे ठरवता येतात.

तपासणी: निकालाच्या संध्याकाळी दोन विरोधी पक्षांच्या माणसांनी हे वाक्य वाचले, तर अंदाज बरोबर आला की चुकला यावर त्यांचे एकमत होईल का? होणार नसेल, तर वाक्य पुन्हा लिहावे.

## टप्पा २: मागील आकड्यांचा पाया घालावा

उमेदवारांची नावे, सभा आणि आरोप यांच्याकडे वळण्यापूर्वी मागील निकाल काय सांगतात ते पाहावे. मात्र मागील मताधिक्य जसेच्या तसे उचलणे ही येथील सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती समजून घेण्यासाठी कसबा पेठेइतके चांगले उदाहरण शहरात दुसरे नाही.

२०१९च्या विधानसभा निवडणुकीत मुक्ता टिळक येथून सुमारे २८ हजार मतांनी निवडून आल्या. १९९५पासून ही जागा भाजपकडेच होती. त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली, तेव्हा ‘अठ्ठावीस हजारांचे लीड कुठे जाणार?’ हा हिशेब अनेकांनी मांडला. परंतु २०१९मध्ये विरोधी मते काँग्रेस, मनसे आणि एक बंडखोर अपक्ष यांच्यात विभागली गेली होती आणि पोटनिवडणुकीत लढत जवळपास सरळ होती. शिवाय मतदान निम्म्याच्या आसपास झाले, आणि अशा वेळी कोणाचे मतदार घरी राहिले हाच निर्णायक प्रश्न ठरतो. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी निवडून आले.

त्यानंतर उलट दिशेची चूक झाली. पोटनिवडणुकीच्या निकालावरून अनेकांनी लोकसभेचे गणित मांडले. मे २०२४मध्ये धंगेकर पुण्यातून लोकसभेला उभे राहिले आणि भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांचा १,२३,०३८ मतांनी पराभव केला, इतकेच नव्हे, तर धंगेकर आमदार असलेल्या कसब्यातही मोहोळ यांना आघाडी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कसब्याच्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे हेमंत रासने यांनी धंगेकरांना सुमारे १९ हजार मतांनी हरवले. म्हणजे दोन वर्षांहून कमी काळात, त्याच पेठांमध्ये आणि बहुतांशी त्याच मतदारांनी, निवडणुकीच्या प्रकारानुसार वेगवेगळा कौल दिला. पाया म्हणून केवळ आधीचा एकच निकाल घेणाऱ्याचा अंदाज पोटनिवडणुकीत आणि लोकसभेत, दोन्ही वेळा चुकला असता.

त्यामुळे किमान तीन निकाल शेजारी-शेजारी मांडावेत आणि प्रत्येकाखाली चार गोष्टी लिहाव्यात: निवडणूक कोणती होती, लढत सरळ होती की बहुरंगी, मतदान किती टक्के झाले, आणि आघाड्या कोणत्या होत्या. या चारांपैकी दोन किंवा अधिक गोष्टी आजच्यापेक्षा वेगळ्या असतील, तर त्या निकालाला कमी वजन द्यावे. २०१९नंतर शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन्ही पक्ष फुटले असल्याने त्याआधीच्या आकड्यांतील पक्षांची मते आज थेट कोणाच्याही खात्यावर टाकता येत नाहीत.

सावधान: आघाडीतील पक्षांची जुनी मते बेरजेने एकत्र करू नयेत. एका पक्षाचा मतदार मित्रपक्षाच्या चिन्हासमोरचे बटण दाबेलच असे नाही, आणि ‘ट्रान्सफर’ किती झाले हे निकालानंतर नमुना २० पाहूनच कळते.

## टप्पा ३: पुरावा गोळा करून चाळावा

हाच टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि घाईत हाच वगळला जातो. जे दिसले, ऐकले किंवा वाचले ते लिहावे आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: हा उमेदवार हरणार असता, तरी हे दिसले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती नोंद पुरावा म्हणून धरू नये.

या कसोटीवर बहुतेक गोष्टी गळून पडतात. अलका टॉकीज चौकातून जाणारी दुचाकी रॅली हरणाऱ्या उमेदवाराचीही निघते. सभेची गर्दी अनेकदा बाहेरच्या तालुक्यातून आणलेली असते, आणि आपणहून आलेली असली तरी तिच्यात आधीच ठरलेले मतदारच अधिक असतात. अभिनंदनाचे फ्लेक्स तर निकालाआधी दोन्ही बाजूंनी छापून तयार असतात. सट्टाबाजाराचा भाव सांगितला जातो, परंतु तो भावही याच वाहिन्या आणि याच अफवांवर हलतो. शिवाय हा व्यवहारच बेकायदेशीर आहे.

बूथवरच्या कार्यकर्त्याचा शब्द मात्र वेगळ्या काळजीने हाताळावा लागतो, कारण त्याच्याकडे खरी माहिती असते आणि तीच सर्वाधिक फसवते. मतदान केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता यादीवर खुणा करीत असतो, आणि सायंकाळी तो सांगतो, ‘साडेसहाशे झाले, त्यातले पावणेचारशे आपले.’ यातील पहिला आकडा सहसा बरोबर असतो. दुसरा आकडा त्याच्या टेबलावर चिठ्ठी घ्यायला कोण आले, कोणी हसून नमस्कार केला आणि कोणते घर ‘आपले’ समजले जाते यांवर बेतलेला असतो. पुण्यातील मतदार दोन्ही टेबलांवर हसून बोलतो, आणि तसे बोलणे सभ्यपणाचेच आहे. त्यावरून मत कळत नाही.

येथे दोन तपासण्या उपयोगी पडतात. शक्य असेल तिथे त्याच केंद्रावरील विरोधी कार्यकर्त्याचा दावाही मिळवावा आणि दोन्ही दाव्यांची बेरीज करावी. एकाने ३७५ आणि दुसऱ्याने ३५० सांगितले, तर ७२५ होतात, आणि मतदान मात्र ६५० झालेले असते. दुसरी तपासणी म्हणजे त्या केंद्रावर त्या पक्षाला मागील वेळी मिळालेली मते नमुना २०मधून काढून त्या कार्यकर्त्यासमोर ठेवणे आणि ‘यंदा शंभर मते कोणत्या वस्तीतून वाढली?’ असे विचारणे. ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याची माहिती वहीत घ्यावी.

नोंदी कुठून आल्या याचाही हिशेब ठेवावा. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांतील परिचितांशी बोलून कसब्याचा अंदाज बांधणाऱ्यास पूर्वेकडील पेठांची माहिती नसते, आणि कोथरूडच्या एकाच सोसायटीतील दहा जणांची मते ही दहा नोंदी नसून जेमतेम एक-दोन नोंदींच्या बरोबरीची असतात, कारण ते सर्व एकमेकांशीच बोललेले असतात. मतदारसंघाचे चार-पाच भाग पाडून प्रत्येक भागातून किमान काही नोंदी आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तपासणी: वहीत आपल्या इच्छेविरुद्ध जाणाऱ्या, पण कसोटीवर टिकलेल्या किमान तीन नोंदी आहेत का? एकही नसेल, तर शोध एकाच दिशेने झाला आहे.

## टप्पा ४: सर्वेक्षणे आणि मतदानोत्तर चाचण्या वाचाव्यात

नमुना खरोखर निःपक्षपातीपणे निवडला असेल, तर एक हजार लोकांच्या सर्वेक्षणात कोणत्याही पक्षाच्या टक्केवारीत सुमारे तीन टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना संभवते. चारशे लोकांचे सर्वेक्षण असेल, तर ती सुमारे पाच टक्क्यांवर जाते. दोन पक्षांमधील फरक पाहायचा असेल, तर चुकीची मर्यादा जवळपास दुप्पट धरावी लागते. राज्याचे सर्वेक्षण कितीही मोठे असले तरी त्यात पर्वती किंवा शिवाजीनगरचे मूठभर लोकच असतात, त्यामुळे त्यावरून एकेका मतदारसंघाविषयी बोलू नये. आणि लोकांनी खरे सांगितले नाही, किंवा बोलायला तयार झालेले लोकच वेगळ्या विचारांचे निघाले, तर नमुना वाढवूनही ती चूक कमी होत नाही.

मतांवरून जागांकडे जाताना चूक कित्येक पटींनी वाढते. २०२४च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याहूनही कमी अंतर होते, तरी जागा ३० आणि १७ अशा विभागल्या गेल्या. हरियाणातही भाजप आणि काँग्रेस यांच्या मतांत टक्काभराचाही फरक नव्हता. अशा ठिकाणी मतांचा अंदाज अगदी अचूक आला, तरी जागांचा आकडा साफ चुकू शकतो.

पाच संस्था एकच गोष्ट सांगत आहेत म्हणून खात्री पाचपट वाढवू नये. एखाद्या प्रकारचा मतदार त्या सर्वांच्याच हातून सुटला असेल, तर सरासरी काढूनही ती चूक जात नाही, आणि हरियाणात जवळपास सर्वजण एकाच दिशेला चुकले होते.

सावधान: लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६अ नुसार निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या कालावधीत मतदानोत्तर चाचणी घेणे आणि तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे यांना बंदी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी आहे. शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत, मतदान करून आलेल्या लोकांना विचारून बनवलेला आकडा व्हॉट्सअॅपवरही टाकू नये.

## टप्पा ५: आकडा ठरवावा

आता, आणि आताच, आकडा लिहावा. तो मित्रांशी चर्चा करण्याआधी लिहावा, कारण गटातला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस बोलून गेला की बाकीचे आकडे त्याच्याभोवती गोळा होतात.

आकडा दोन भागांत द्यावा. पहिला भाग म्हणजे शक्यता: ‘अमुक उमेदवार निवडून येण्याची शक्यता ७० टक्के.’ दुसरा भाग म्हणजे मताधिक्याचा किंवा जागांचा पट्टा, आणि तो इतका रुंद असावा की दहापैकी आठ वेळा निकाल त्यात पडेल असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटावे. बहुतेकांचा पहिला पट्टा फार अरुंद असतो. तो दोन्ही बाजूंना वाढवून पाहावा आणि वाढवताना मनाला जिथे त्रास होतो, त्या बाजूला आपली इच्छा आहे का, हे पहिल्या पानावर ताडून पाहावे.

त्यानंतर ‘निकाल लागला आणि माझा अंदाज चुकला, तो का?’ या प्रश्नाचे उत्तर निकालाआधीच पाच-सहा ओळींत लिहावे. या ओळी लिहिणे सोपे गेले आणि कारणे पटण्यासारखी निघाली, तर शक्यता कमी करावी. ९० टक्के लिहिणारा माणूस हे केल्यावर बहुधा ७५पर्यंत खाली येतो, आणि तेच योग्य असते.

शून्य आणि शंभर हे आकडे वापरू नयेत. अमेरिकेतील संशोधक फिलिप टेटलॉक यांनी राजकीय तज्ज्ञांची हजारो भाकिते वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा तज्ज्ञांनी अशक्य किंवा जवळपास अशक्य ठरवलेल्या घटनांपैकी सुमारे १५ टक्के प्रत्यक्षात घडलेल्या होत्या.

## टप्पा ६: नोंद करून ती बंद करावी

नोंद अशी दिसावी: ‘तारीख अमुक. कसबा पेठ विधानसभा. क्ष पक्षाचा उमेदवार विजयी होण्याची शक्यता ६५ टक्के. मताधिक्याचा पट्टा: ६ हजारांनी पराभव ते १८ हजारांनी विजय. मुख्य आधार: तीन निकालांची तुलना, सरळ लढत. चुकण्याचे संभाव्य कारण: पूर्वेकडील पेठांतील मतदान वाढणे.’ तिचे छायाचित्र साक्षीदाराला पाठवावे. मत बदलले, तर जुनी नोंद खोडू नये, तिच्याखाली नव्या तारखेने नवी लिहावी आणि कोणत्या पुराव्यामुळे बदल केला ते नमूद करावे.

## टप्पा ७: मतदान आणि मोजणीच्या दिवशी घ्यावयाची काळजी

‘मतदान वाढले म्हणजे सत्तेविरुद्ध कौल’ आणि ‘मतदान घटले म्हणजे सत्ताधारी सुरक्षित’ या दोन्ही समजुती सोडाव्यात. पुणे लोकसभेत २०१९च्या तुलनेत २०२४मध्ये मतदान सुमारे साडेतीन टक्के गुणांनी वाढून ५३.५४ टक्के झाले. दोन्ही वेळा भाजपच जिंकला, परंतु मताधिक्य सव्वातीन लाखांच्या आसपास होते ते सव्वा लाखाच्या आत आले. कोणताही एक नियम या दोन्ही गोष्टींचे स्पष्टीकरण देत नाही. मतदान कोणत्या भागात वाढले हे पाहावे, आणि सायंकाळी पाच वाजताचा आकडा अंतिम समजू नये.

मोजणीच्या सकाळी आधी टपाली मते घेतली जातात, आणि पहिल्या कलांत त्यांचाच वाटा मोठा असतो. यंत्रांची मोजणी प्रत्येक विधानसभा क्षेत्रासाठी साधारणपणे १४ टेबलांवर होते, म्हणजे एका फेरीत सुमारे १४ केंद्रे उलगडतात, आणि ती सहसा क्रमाने घेतली जात असल्याने सुरुवातीच्या फेऱ्यांत मतदारसंघाचा एखादाच भाग बोलत असतो. त्यामुळे आघाडीवरून निकाल जाहीर करण्याआधी पुढील हिशेब करावा. चार फेऱ्या, म्हणजे ५६ केंद्रे, उरली आहेत आणि प्रत्येकी सुमारे ६०० मते पडली आहेत, तर साधारण ३३,६०० मते शिल्लक आहेत. आघाडी ५ हजारांची असेल, तर मागे असलेल्या उमेदवाराला उरलेल्या मतांत सुमारे १५ टक्के गुणांची आघाडी लागेल. त्या केंद्रांवर मागील वेळी काय झाले होते हे नमुना २०मध्ये पाहिले, की ‘गुलाल’ उधळायची वेळ आली आहे की नाही ते समजते.

## टप्पा ८: निकालानंतर गुण द्यावेत

निकालाच्या आठवड्यातच हे काम करावे, कारण पुढे आठवण आपल्या सोयीने बदलते. शक्यता दशांशात लिहावी, घडले असेल तर १ आणि न घडले असेल तर ० घ्यावा, दोहोंतील फरकाचा वर्ग करावा. ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५०मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि तीत कमी गुण चांगले. ९० टक्के सांगून बरोबर आलेल्यास ०.०१ मिळतात, पण ९० टक्के सांगून चुकलेल्यास ०.८१ मिळतात. ६० टक्के सांगून चुकलेल्यास ०.३६. प्रत्येक वेळी ५० टक्के सांगणाऱ्याचे गुण ०.२५च राहतात, म्हणून ज्याची सरासरी त्याहून वर जाते, त्याच्या ठामपणाने ऐकणाऱ्यांचे नुकसानच केलेले असते.

यानंतर चूक कुठे झाली ते शोधावे. ‘शेवटच्या दोन रात्रींत हवा फिरली’, ‘पैसा चालला’ अशी कारणे लिहिण्याआधी नव्या नमुना २०मधून तीन प्रश्नांची उत्तरे काढावीत: ज्या भागांत मतदान वाढेल असे वाटले होते तिथे ते वाढले का, मित्रपक्षाची मते वळली का, आणि मतांचा अंदाज बरोबर असूनही जागांचा किंवा मताधिक्याचा हिशेब चुकला का. अंदाज बरोबर आला असेल, तरीही हेच तीन प्रश्न विचारावेत, कारण चुकीच्या कारणांनी बरोबर आलेला आकडा पुढच्या वेळी दगा देतो.

एका लोकसभा निवडणुकीवरून कोणाचीही पारख होत नाही. त्यासाठी महापालिकेची निवडणूक अधिक उपयोगी आहे, कारण तिथे एकाच दिवशी अनेक प्रभागांतील जागांचे स्वतंत्र अंदाज लिहिता येतात. मात्र बहुसदस्यीय प्रभागात मतदाराला प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यायचे असते आणि तो ती वेगवेगळ्या पक्षांना देऊ शकतो, म्हणून ‘पूर्ण पॅनेल’ असा एकच अंदाज न लिहिता अ, ब, क, ड असे जागानिहाय अंदाज लिहावेत. निकालानंतर ज्या सर्व जागांवर ८० टक्के लिहिले होते त्या एकत्र कराव्यात. त्यांतील दहापैकी सुमारे आठ बरोबर आल्या असतील, तर मोजमाप नीट आहे. दहापैकी सहाच आल्या असतील, तर पुढील निवडणुकीत मनात ८० आला की वहीत ६० लिहावे, आणि ही दुरुस्ती कोणत्या निकालावरून केली ते त्याच्या शेजारी नोंदवावे.